मोठ्या कोनाची बाकी

(म्हैसूर येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या गृहस्थांच्या स्मरणार्थ येथील मराठी मंडळींनी ही व्याख्यानमाला चालू ठेविली आहे, ते जुन्या म्हैसूर संस्थानच्या हिशेबी दप्तरात नोकरीस होते, आणि रकमेच्या मोठेपणाने दिपून न जाता तिच्या शेवटच्या पैवर नजर ठेवण्याचा जो गुण हिशेबनिसाच्या अंगी सर्वांआधी असावा लागतो तो त्यांच्या ठिकाणी पुरेपूर होता, असे त्यांच्या सहवासातील वृद्ध मंडळींकडून मी ऐकले आहे. तेव्हा वाङ्मय, इतिहास किंवा समाजकारण यांपैकी एखादा सर्वमान्य विषय सोडून मी आज भागाकाराच्या बाकीवर बोलणार आहे, याचा श्रोत्यांनी विषाद मानू नये. बाकी कोणत्या भाजकाने काढावयाची आणि तो भाजक किती खरा असावा लागतो, या प्रश्नाशी वेदांगज्योतिषापासून आजच्या संगणकापर्यंत सर्वांनाच झुंजावे लागले आहे.

शाळेत कोनाची ओळख होते ती दोन रेषांमधील फटीच्या रूपाने, आणि म्हणून कोन म्हटला की तो फार तर एका पूर्ण वर्तुळाएवढा, ही समजूत मनात पक्की बसते. पुढे एके दिवशी १००० रेडियनांची भुजज्या काढा असा प्रश्न फळ्यावर दिसला म्हणजे विद्यार्थी बावचळतो. (हल्ली शाळेत जिला साइन म्हणतात तिलाच मी जुन्या वळणाने भुजज्या म्हणत आहे, त्रिज्या १ धरावी म्हणजे झाले.) या गावच्या मुलाला तरी असे बावचळण्याचे कारण नाही. राजवाड्याजवळचा दोड्ड गडियार हा घड्याळाचा मनोरा महाराज कृष्णराज वडियार यांच्या कारकीर्दीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त १९२७ साली उभा राहिला. त्याच्या मिनिटकाट्याने दिवसाकाठी २४ फेऱ्या, म्हणजे दीडशेहून थोडे अधिक रेडियन, आणि वर्षाकाठी ५५ हजारांहून अधिक रेडियन फिरावयाचे. परंतु खाली उभ्या असलेल्या माणसाला त्या साऱ्या प्रवासाची वार्ताही लागत नाही, कारण काटा पुऱ्या झालेल्या फेऱ्या गिळून टाकतो आणि उरलेली बाकी तेवढी तबकडीवर दाखवितो. भुजज्या काढणाराचे पहिले काम नेमके हेच. १००० ला २π ने भागले की १५९ फेऱ्या पुऱ्या होतात आणि ०.९७३५ रेडियन उरतात. या उरलेल्या कोनाची भुजज्या ०.८२६९, तीच १००० ची भुजज्या.

असले अवाढव्य कोन येतात तरी कोठून, असे कोणी विचारील. १७९९ साली येथून हाकेच्या अंतरावर श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात हजर असलेला, आणि आपली तुकडी रात्रीच्या अंधारात भलत्याच दिशेने चालली आहे हे ताऱ्यांवरून ओळखणारा विल्यम लॅम्टन पुढे १८०२ साली मद्रासेजवळ पायारेषा मोजून हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीस लागला. पण त्याच्या थिओडोलाइटने मोजलेला एकही कोन कधी एका वर्तुळाबाहेर गेला नाही, कारण जमिनीवरच्या त्रिकोणात त्यापेक्षा मोठ्या कोनाला जागाच नसते. मोठा कोन काळातून निघतो. गतीला काळाने गुणले आणि काळ लांबला, की कोन फुगत जातो. म्हणून या प्रश्नाशी पहिली गाठ पडली ती मोजणीदाराची नव्हे, ज्योतिष्याची.

अंशांत मोजले असता या फुगलेल्या कोनाचे काही भय नाही. १ कोटी अंशांना ३६० ने भागा. २७,७७७ फेऱ्या जातात आणि २८० अंश उरतात, आणि या २८० मध्ये केसाइतकीही खोट नसते, कारण भाजक पूर्णांक आहे. पुढचा विधीही आपल्या जुन्या गणकांनी नेमका ठरवून ठेविला आहे. वर्तुळाची चार पदे करावीत. विषम पदात जेवढा कोन चालून झाला, म्हणजे जो गत, तो भुज धरावा, सम पदात जेवढा चालावयाचा राहिला, म्हणजे जो गम्य, तो धरावा. मेषादी सहा राशींत भुजज्या धन, तुलादी सहा राशींत ऋण. २८० अंश चौथ्या पदात पडतात, गम्य ८० अंश, राशी तुलादी. तेव्हा १ कोटी अंशांची भुजज्या म्हणजे ८० अंशांच्या भुजज्येला ऋण चिन्ह लाविलेली. एका पदापुरते, म्हणजे ९० अंशांचे कोष्टक जवळ असले की विश्वातला कोणताही कोन त्यात बसविता येतो, ही सोय एवढी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागची चतुराई आपल्या ध्यानातही येत नाही.

मग रेडियनांच्या भानगडीत पडावेच कशाला? पडावे लागते, कारण भुजज्येचे खरे स्वरूप कंस आणि त्रिज्या एकाच मापाने मोजल्याखेरीज उलगडत नाही. आर्यभटाने ४९९ साली परिघाच्या २१,६०० कला धरून त्याच कलांत त्रिज्या ३,४३८ घेतली, आणि आजचा रेडियन, म्हणजे सुमारे ५७ अंश १८ कला, हा त्या त्रिज्येएवढाच कंस आहे; नाव नवे आहे, वस्तू जुनी. चौदाव्या शतकात संगमग्रामच्या माधवाने भुजज्येची जी श्रेढी दिली ती याच मापावर उभी आहे. कोनातून त्याच्या घनाचा सहावा भाग वजा करावा, पाचव्या घाताचा एकशेविसावा भाग मिळवावा, आणि असेच पुढे चालावे. ही श्रेढी कितीही मोठ्या कोनाला लागू आहे असे पुस्तके सांगतात, आणि ते खरेही आहे. पण खरे असणे आणि वापरण्यालायक असणे यांत अंतर असते. ३० रेडियन घेऊन पाहा. श्रेढीतली पदे वाढत वाढत सुमारे ७८ हजार कोटींपर्यंत जातात, धन आणि ऋण अशी आळीपाळीने येतात, आणि या राक्षसी रकमांची एकमेकींत वजावट होऊन अखेर जे उरावयाचे ते एकाहूनही लहान, ऋण ०.९८८०. सोळा अंक सांभाळणाऱ्या यंत्राचे यात बारा-एक अंक वाहून जातात. ज्याला श्रेढी वापरावयाची आहे त्याने कोन आधी लहान करूनच तिच्या दाराशी यावे, यावाचून गत्यंतर नाही.

आणि लहान करावयाचा म्हणजे २π ने भागून बाकी काढावयाची. येथे खरे दुखणे सुरू होते, कारण ३६० हा जसा शेवटच्या अंकापर्यंत लिहिता येतो तसा π लिहिताच येत नाही. तो कोठे तरी तोडावा लागतो, आणि जेथे तोडाल तेथली त्रुटी प्रत्येक फेरीगणिक एकदा मोजली जाते. याचा दाखला ३५५ रेडियन या एकाच कोनावर पाहण्यासारखा आहे. ३५५ भागिले ११३ ही π ची अत्यंत निकटची किंमत चीनमध्ये झू चोंगझी याने पाचव्या शतकात दिली होती. तिच्या निकटपणामुळेच ३५५ रेडियन म्हणजे ११३ अर्धफेऱ्या आणि वर ०.००००३०१ रेडियन. अर्धफेऱ्या विषम असल्याने भुजज्या ऋण ०.००००३०१. आता π म्हणून शाळेतला २२/७ घेऊन हाच कोन लहान करा. उत्तर येते धन ०.१४२४, मान तर चुकलेच, चिन्हही उलटले. आर्यभटाचा ३.१४१६ घ्या, धन ०.०००८, चिन्ह अजून उलटेच. ३.१४१५९ घ्या, चिन्ह जाग्यावर येते, पण मान खऱ्याच्या जवळजवळ अकरापट. आणखी एक अंक घेऊन ३.१४१५९३ केलात, तर सुधारणा होण्याऐवजी चिन्ह पुन्हा फिरते. साधा ३५५ चा कोन, पण उत्तरातला पहिला सार्थ अंकही हाती लागण्यास π चे नऊ-दहा अंक खर्ची घालावे लागतात. उत्तर जितक्या अंकांपर्यंत हवे तितक्या अंकांपर्यंत π घेतला की भागले, ही शिकलेल्या माणसांतही रूढ असलेली समजूत येथे पार कोलमडते. भाज्य जितका मोठा आणि बाकी जितकी लहान, तितके जादा अंक भाजकाकडून वसूल करावे लागतात.

आता ज्योतिष्याच्या कोनाकडे वळू. कलियुगारंभापासून १ जानेवारी २००० पर्यंत १८ लाख ६३ हजारांहून थोडे अधिक दिवस लोटले, आणि तेवढ्या काळात चंद्राने राशिचक्राच्या सुमारे ६८,१९० फेऱ्या केल्या. समजा, हा सारा प्रवास कोणी रेडियनांत लिहून ठेविला, आणि ३.१४१६ चा π घेऊन त्यातल्या फेऱ्या काढून टाकल्या. एका फेरीत पडणारी चूक ०.००००१५ रेडियनाहूनही किंचित कमी. तिला ६८,१९० ने गुणले की होतो जवळजवळ पुरा १ रेडियन, म्हणजे ५७ अंश. चंद्र चार नक्षत्रे चुकला. रोहिणीत शोधावयाचा तो पुनर्वसूच्याही पुढे सापडेल. आणि ही चूक ज्या किमतीमुळे झाली ती किंमत वाईट नव्हे. आर्यभटाने ती दिली तेव्हा ती आसन्न आहे असे स्वतःच सांगून ठेविले होते.

पण आर्यभटाचा चंद्र असा चुकला नाही, कारण त्याने फेऱ्या काढण्याच्या कामी π ला दारात उभेच केले नाही. ४३,२०,००० वर्षांच्या महायुगात चंद्राची भगणे, म्हणजे फेऱ्या, ५,७७,५३,३३६ आणि सावन, म्हणजे नित्याचे, दिवस १,५७,७९,१७,५००; अहर्गणाला, म्हणजे लोटलेल्या दिवसांच्या संख्येला, भगणांनी गुणावे, दिवसांनी भागावे, भागाकार आला तो पुऱ्या फेऱ्यांचा म्हणून टाकून द्यावा, आणि बाकीवरून राशी, अंश, कला काढाव्यात. सारे पूर्णांक, सारे निर्दोष. त्रिज्या, ज्या आणि मंदफल यांचा प्रवेश होतो तो ही बाकी हाती आल्यावर, जेव्हा कोन एका वर्तुळाच्या आत सुखरूप येऊन बसलेला असतो. महायुगाच्या त्या अगडबंब आकड्यांना आपल्याकडे कोणी पुराणातली अतिशयोक्ती म्हणून हसतात, कोणी दैवी ज्ञान म्हणून नमस्कार करतात. मला दोन्ही पक्ष सारखेच आळशी वाटतात. ग्रहाची गती अपूर्णांकात न लिहिता दोन मोठ्या पूर्णांकांच्या गुणोत्तरात लिहावी, म्हणजे हजारो वर्षांच्या गुणाकार-भागाकारात नवी त्रुटी शिरावयाची नाही, ही त्या आकड्यांमागची व्यावहारिक गरज आहे, आणि ती एखाद्या मुरलेल्या जमाखर्चनिसाला चटकन पटेल.

अर्थात पूर्णांक वापरला म्हणून भाजक खरा होतो असे नाही. याचे उदाहरण पाहण्यास आपल्याला फार लांब जावयास नको. १८९१ साली येथे स्थापन झालेल्या ओरिएंटल लायब्ररीत कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी ओळखून ती १९०९ साली प्रसिद्ध करणारे पंडित आर. शामशास्त्री यांची त्या एका शोधाने जगभर ख्याती झाली; पण त्यांनीच १९३६ साली याच शहरी वेदांगज्योतिष संपादून छापविले, ही गोष्ट फारशी कोणाच्या स्मरणात नाही. त्या वेदांगज्योतिषाचे युग पाच वर्षांचे, दिवस १८३०, चांद्रमास ६२. हिशेब सुटसुटीत आहे, परंतु ६२ चांद्रमास पुरे होण्यास वस्तुतः जवळजवळ १८३१ दिवस लागतात. प्रत्येक युगात नऊ दशांश दिवस कमी मोजला जातो, आणि तीस वर्षांत पंचांगातली पौर्णिमा आकाशातल्या पौर्णिमेपासून पाच दिवसांहून अधिक दूर जाते. भाजकातली चूक फेऱ्यांच्या संख्येने गुणिली जाते हा नियम π पुरता नाही, कोणत्याही आवर्तनाला तो लागू आहे.

या नियमाची पुरी जाण ठेवून आपले कोष्टक रचणारा गणक मला भेटतो तो कोकणातल्या नांदगावचा गणेश दैवज्ञ. त्याचा ग्रहलाघव शके १४४२ चा, म्हणजे १५२० सालचा. महाराष्ट्र, गुजरात आणि कर्नाटकाच्या बऱ्याच भागांत कित्येक शतके पंचांगे झाली ती याच ग्रंथावरून, आणि शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’त त्याची मोठ्या आस्थेने दखल घेतली आहे. ज्या-चापांचा उपयोग न करता ग्रहसाधन करून दाखविण्याची त्याची प्रतिज्ञा प्रसिद्धच आहे. पण माझ्या मते त्याचे खरे कौशल्य त्याच्याही आधीच्या पायरीत, अहर्गणाच्या मांडणीत आहे. कलियुगापासूनचे लाखो दिवस पाठीवर वाहण्याऐवजी त्याने इष्ट शकातून १४४२ वजा करून बाकीला ११ ने भागावयास सांगितले. भागाकार ते चक्र. एका चक्राचे दिवस ४०१६, आणि त्यामुळे गुणाकारात घ्यावयाचा अहर्गण चार हजारांच्या फारसा पलीकडे कधी जातच नाही. मग सरलेल्या चक्रांचे काय? ४०१६ दिवसांत मध्यम सूर्याला ११ फेऱ्या पुऱ्या करण्यास १ अंश ४९ कला ११ विकला कमी पडतात, चंद्राला १४७ फेऱ्या पुऱ्या करण्यास ३ अंश ४६ कला ११ विकला कमी पडतात. हे त्यांचे ध्रुवक. जितकी चक्रे झाली तितक्यांदा ध्रुवक वजा करा, क्षेपक, म्हणजे ग्रंथारंभीची ग्रहस्थिती, मिळवा, झाले. ११ वर्षे आणि ४०१६ दिवस हाच जोड त्याने का उचलला, तर या अवधीत सूर्यचंद्र दोघेही पुऱ्या फेऱ्यांच्या अगदी लगत येऊन ठेपतात आणि वजा करावयाची रक्कम लहान राहते.

शके १९४८ घेऊन हा हिशेब करून पाहण्याजोगा आहे. १४४२ वजा केले की ५०६, त्याला ११ ने भागले की चक्रे बरोबर ४६, बाकी शून्य. सूर्याचा ध्रुवक ४६ पट केला की २ राशी २३ अंश ४२ कला २६ विकला. पाचशे सहा वर्षांची सारी थकबाकी एवढ्या एका रकमेत फिटली. ध्रुवक विकलेपर्यंत दिला आहे, म्हणजे त्यात फार तर अर्ध्या विकलेची काटछाट झाली असेल. ती ४६ पट झाली तरी २३ विकला, अर्ध्या कलेहूनही कमी. गतीच मुळात किंचित चुकली असेल तर तो दोष निराळा, आणि तो पुढे ग्रंथाला भोवलाही. पण बाकी काढण्याच्या रीतीने त्यात भर घातली नाही. पाटीवर धूळ पसरून हिशेब करणाऱ्या खेड्यातल्या जोशाला हे साधून देणे सोपे नव्हते.

यंत्रयुगात हा विषय संपला असे वाटेल, पण तो तेथे अधिकच भडकला. संगणक सामान्यतः एका संख्येसाठी द्विमान पद्धतीचे ५३ अंक, म्हणजे आपले सुमारे १६ अंक राखतो. त्याला १ वर २२ शून्ये एवढ्या रेडियनांची भुजज्या विचारा. ही संख्या मुद्दाम निवडलेली आहे; दहाच्या घातांपैकी त्या ५३ अंकांत किंचितही न तोडता मावणारी ही सर्वांत मोठी. १९९० च्या आसपास निरनिराळ्या यंत्रांना हा प्रश्न घालून पाहिला गेला, तेव्हा सर्वांची उत्तरे जुळेनात. कोणी शून्य दिले, कोणी भलताच अपूर्णांक, कोणी सरळ हात वर केले. कारण उघड आहे. १६ अंकांचा π घेऊन एवढ्या मोठ्या संख्येतून फेऱ्या काढल्या तर चूकच कित्येक लाख रेडियनांची होते, आणि मग बाकी म्हणून जे हाती येते त्याची किंमत सोडतीच्या आकड्याहून अधिक नसते.

यावर जी युक्ती मेरी पेन आणि रॉबर्ट हानेक या दोघांनी १९८३ साली प्रसिद्ध केली ती मला विलक्षण सुंदर वाटते, आणि ती कागदावर दाखविता येते. २π ने भागण्याऐवजी १/२π ने गुणू. ही संख्या ०.१५९१५४९४३०९१८९५३३५७६८८८३७६३३७२५१… अशी चालते. १ वर २२ शून्ये यांनी गुणणे म्हणजे दशांशचिन्ह २२ घरे उजवीकडे सरकविणे. त्या चिन्हाच्या डावीकडे गेलेले २२ अंक म्हणजे पुऱ्या फेऱ्या. त्यांचा गुणाकार करावयासच नको, त्यांच्याकडे पाहावयाचेही कारण नाही. तेविसाव्या घरापासून वाचू लागा. ०.८३७६३३७२५१, एवढा फेरीचा अंश उरला. म्हणजे ३०१ अंश ३३ कला, चौथे पद, गम्य ५८ अंश २७ कला, भुजज्या ऋण ०.८५२२. सोळा अंकांचे उत्तर हवे असेल तर तेविसाव्या घरापासून सोळा-अठरा अंक उचलावेत. जेवढी संख्या मोठी तेवढी खिडकी उजवीकडे सरकते, पण तिची रुंदी वाढत नाही. म्हणून सन मायक्रोसिस्टिम्सने १९९३ च्या सुमारास मुक्तपणे वाटलेल्या आज्ञावलीत २/π चे ४७६ दशमान अंक कोरून ठेविलेले आढळतात. प्रत्येक वेळी त्यांतले मोजके तेवढे वाचले जातात.

व्यवहारी माणूस येथे आक्षेप घेईल, आणि त्याचा आक्षेप पोकळ नाही. एवढ्या मोठ्या संख्येपाशी संगणकाला लिहिता येणारी शेजारची संख्या २० लाखांहून अधिक रेडियन दूर असते. जगात एवढा कोन एवढ्या बारकाईने कोणी मोजला आहे काय, आणि मोजला नसेल तर सोळा अंकांच्या शुद्ध उत्तराचा उपयोग काय? माझे उत्तर असे, की खजिन्यातल्या कारकुनाने आपल्यापुढे आलेल्या हुंडीची बेरीज बिनचूक करावी. हुंडी खरी की बनावट याचा तपास करणे हे दुसऱ्या खात्याचे काम आहे. यंत्राने विचारलेल्या संख्येची भुजज्या बरोबर दिली म्हणजे चूक राहिली असेल तर ती विचारणाराच्या आकड्यात आहे, एवढे तरी निश्चित होते.

परंतु ज्याचा कोन मुळातच फेऱ्यांतून जन्मला आहे त्याने या खटपटीत पडावे तरी कशास? ग्रहाची गती आपण भगणांत किंवा अंशांत जाणतो, तिला २π ने गुणून रेडियन करतो, आणि यंत्र त्या रेडियनांना पुन्हा २π ने भागून फेऱ्या काढते. जाताना एक काटछाट, येताना दुसरी. २००८ साली संगणकीय अंकगणिताच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणकात कोन अर्धफेऱ्यांच्या मापाने घेणाऱ्या भुजज्येची शिफारस झाली, आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या सी या संगणकभाषेच्या प्रमाणकात तिला रीतसर स्थान मिळाले. या मापात भाजक २ आहे, पूर्णांक आहे, आणि बाकी काढताना काहीही सांडत नाही. π गुणाकारात येतो तो कोन लहान झाल्यानंतर, आर्यभटाच्या ज्येप्रमाणेच. येथे म्हैसुरात आणि तिकडे पुण्यात-सोलापुरात पंचांगाचे गणित संगणकावर करणारी पुष्कळ मंडळी आता आहेत. त्यांच्या आज्ञावलीत अहर्गणाच्या गुणाकारानंतर लगेच २π ने गुणणारी एक ओळ बहुधा सापडेल. तिच्या आधी पुऱ्या फेऱ्या टाकून देणारी दुसरी ओळ आहे की नाही, तेवढे त्यांनी घरी गेल्यावर पाहून घ्यावे.